आत्याच्या पोपटी साड्या

"मानूस दे! मना मानूस दे!"

माझी आत्या घरापुढच्या ओट्यावर उभी राहून फोनवर ओरडत होती. फोनमधली बाई मात्र लोण्यात घोळलेल्या आवाजात तिला सांगत होती, ऑर्डरची माहिती हवी असल्यास एक दाबा, वस्तू परत करायची असल्यास दोन दाबा. आत्याने एक दाबलं, दोन दाबलं, संतापाच्या भरात नऊपर्यंत सगळे आकडे दाबून झाले. बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"आता काय दाबू? तुझा गला दाबू?"

आत्याच्या आवाजाविषयी थोडं सांगितलं पाहिजे. आमच्या कोपरखैरण्याच्या गावठाणात तिने कोणाला हाक मारली की खाडीपलीकडे विक्रोळीत माणसं "कोण?" म्हणून मागे वळतात. त्या सकाळी खाडीतले सगळे फ्लेमिंगो एकदम उडाले ते थेट कच्छला जाऊन टेकले. त्यांचा हंगाम संपला होता म्हणून गेले, असं पक्षीवाले म्हणतात. म्हणू देत.

एवढा आकांत कशासाठी, तर साड्यांसाठी. रविवारी आत्याच्या मुलीची, एकुलत्या एका मुलीची, हळद होती. भावकीतल्या झाडून साऱ्या बायकांसाठी आत्याने ऑनलाइन मागवलेल्या एकसारख्या पोपटी साड्या आल्या नव्हत्या. आणि फोनच्या पडद्यावर, त्याच ऑर्डरच्या खाली, हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं: आपल्याला वस्तू मिळाली आहे. धन्यवाद.

आमच्याकडची हळद ज्याने पाहिली नाही त्याला हे कळायचं नाही. लग्न काय, कुठेही होतं, हॉलमध्ये उरकतं, नवरा-नवरी नसली तरी चालून जाईल. हळदीला मात्र गाव लोटतं. बोकडांना तारीख आधी कळते आणि ते तेव्हापासून जेवण सोडतात. डीजेचा ठोका असा असतो की लोकांच्या दाढांत भरलेलं सिमेंट निघून ताटात पडतं. मधूनच तो डीजे बंद करतात, धवलारीण बसते आणि लग्नाचे धवळे गाते, तेवढा वेळ मंडपात थोडी लाज शिल्लक असते. आणि गेल्या काही वर्षांत अशी पद्धत पडली आहे की घरच्या सगळ्या बायकांनी एकाच रंगाची, एकाच काठाची साडी नेसायची. मंडपात त्या रांगेने आल्या की कोणती चुलती, कोणती मामी, काही कळत नाही. नुसतं पोपटी, नाहीतर राणी कलरचं, एक शेत चालत आल्यासारखं दिसतं.

आत्याला नेमकं तेच हवं होतं. कोण कोण आहे ते कळू नये.

ती ऐन तिशीत विधवा झाली. तेव्हापासून भावकीतल्या प्रत्येक हळदीत तिला साडी मिळाली, मानपान मिळाला, कोणी तोंडाने वावगं बोललं नाही. फक्त तिची साडी वेगळी असायची. फिकी. कधी राखाडी, कधी बदामी, कधी धुऊन धुऊन पिवळ्या पडलेल्या पडद्याच्या रंगाची. तिची थोरली जाऊ वाशीच्या दुकानात सगळ्यांच्या साड्या निवडायची आणि शेवटी गठ्ठ्यातून एक उपसून म्हणायची, "ही तुझ्यासाठी वेगली काढली गो, महागातली हाय." महागातली! त्या एका शब्दात सगळा बंदोबस्त. मग हळद लावायला सवाष्णी पुढे आणि ही महागातली साडी मागे, भाकऱ्यांच्या टोपल्यांपाशी.

पोटच्या पोरीच्या हळदीला आत्याला टोपल्यांपाशी उभं राहायचं नव्हतं. हे तिने मला एकट्याला सांगितलं, तेसुद्धा कोळंबी सोलता सोलता, माझ्याकडे न बघता.

"साडीला साडी मिलली ना, की कोन कोनाला शोधतंय? जाईन सगल्यांच्या मधून न् लावीन हलद. थोरलीला कलेपरयंत पोरगी पिवली झालेली असंल."

म्हणून तर ऑनलाइन. दुकानात गेली असती तर थोरली जाऊ सोबत आली असती, आणि थोरली आली की फिकी साडी आलीच. मोबाइल कोणाला विचारत नाही, तुमचा नवरा आहे का. पोरीने अ‍ॅपवर साड्या दाखवल्या, आत्याने बोट ठेवलं. खाली एक ढालीचं चित्र होतं आणि लिहिलं होतं, खरेदीदाराला संपूर्ण संरक्षण. पैसे आधी अ‍ॅपवाल्यांकडे राहणार, वस्तू मिळाल्याचं तुम्ही बटण दाबलंत की मगच विकणाऱ्याला जाणार. आत्याला ती ढाल फार आवडली. तिने त्या रंगाचं कापड बाजारातून आणून सगळ्या बायकांना ब्लाउजंसुद्धा शिवायला लावली. स्वतःचं पण शिवलं. ते कोणाला सांगितलं नाही.

आता वस्तू न मिळताच "मिळाली" कशी झाली, ते ऐका. हे मला आत्याने त्याच ओट्यावर, फोन बंद करून, मोठ्या अभिमानाने सांगितलं.

दोन-चार दिवसांपूर्वी तिला एक फोन आला. साड्यावाल्याचा माणूस. हिंदीत सुरू झाला, हिने तिच्या हिंदीत उत्तर दिलं, म्हणजे आमच्या बोलीलाच पुढे 'है' लावून. ते ऐकल्याबरोबर पठ्ठ्या बोलीवर उतरला. मावशे, तू आगरी हाईस का? मी पन आपल्यातलाच हाय, जासईचा.

झालं. जासई म्हणजे आत्याचं आजोळ.

आमच्या लोकांना एक खोड आहे. परका माणूस भेटला की त्याला पाणी विचारायच्या आधी विचारतात, "कोनाचा रं तू?" आणि त्याने उत्तर द्यायच्या आत स्वतःच त्याचं नातं जुळवून मोकळे होतात. यमाचा दूत दारात आला तरी विचारतील, "उरनकडचा का? तुझी मावशी पनवेलला दिलीय ती?" आणि तो बिचारा लाजून रिकाम्या हाताने, पण जेवून, परत जाईल.

"कोनाचा रं तू?" आत्याने विचारलं.

"त्या मोठ्या घरचा," तो म्हणाला.

"म्हंजे तलावाकडच्या आलीतला?"

"हां, तिथलाच."

"मंग तुझी आजी ती काय, सुकी मासली घेऊन यायची, कपालावर ह्ये मोठं गोंदन?"

"तीच की!"

"अरं बाबा! तिच्या मांडीवर खेललेय मी! हाय का रं म्हातारी?"

"गेली, मावशे," तो म्हणाला, आणि आवाज जरा पाडला.

आत्या रडली. फोनवर, त्या माणसासाठी, त्याला नसलेल्या आजीसाठी ढसाढसा रडली. त्याने तिला धीर दिला. मग सांगितलं की साड्यांचं पार्सल जासईलाच कंटेनर यार्डात अडकलंय, गेटपास निघत नाही, मावशे, तू ते 'मिलालं'चं बटन दाब, पास निघंल, सकालच्याला मी स्वतः घेऊन येतो. हिने बटण दाबलं. आणि दाबून झाल्यावर त्याला हळदीचं आमंत्रण दिलं, बायकोपोरांसकट.

मी विचारलं, "आते, अगं बघितलं नाही, भेटली नाहीस, आणि बटण दाबलंस?"

"घरच्या मानसाला नाय कसं बोलनार?" ती म्हणाली. "गेटपास नाय मिलला असंल बिचाऱ्याला. म्हनून तर या बाईला विचारतंय, मानूस दे."

मी गणेशोत्सवानंतरच्या खाडीचा किनारा पाहिलेला आहे. तुर्भ्याच्या नाल्यावरून भर उन्हात नाक न दाबता गेलेलो आहे. चार दिवस बंद फ्रिजमध्ये राहिलेले बोंबील स्वतःच्या हाताने बाहेर काढलेले आहेत. पण त्या फोनची हकिकत ऐकून मला जी शिसारी आली तिच्यापुढे हे सगळं अत्तर. चोराने कुलूप फोडावं, खिसा कापावा, त्याचा धंदाच आहे. हा माणूस मेलेल्या म्हातारीच्या पदराला हात पुसून गेला. आणि ती म्हातारीही त्याने आणली नव्हती, आत्यानेच त्याला काढून दिली होती, माळ्यावरून पितळी भांडं काढून द्यावं तशी.

शेवटी मी फोन हातात घेतला आणि आकड्यांच्या जंगलातून वाट काढत काढत एका जिवंत मुलीपर्यंत पोचलो. तोवर माझी दाढी बोटभर वाढली होती.

"सर, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो."

"साड्या आलेल्या नाहीत."

"सर, आमच्या सिस्टीमनुसार वस्तू मिळाल्याचं आपणच कन्फर्म केलेलं आहे."

"फसवून दाबायला लावलं."

"बटण आपणच दाबलं ना, सर?"

"हो, पण..."

"कन्फर्म केल्यावर खरेदीदार संरक्षण समाप्त होतं, सर."

"म्हणजे माणूस फसेपर्यंत संरक्षण, आणि फसला की संपलं?"

"बरोबर, सर," ती म्हणाली. मग तिलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. "म्हणजे, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो."

आत्या मागून ओरडली, "तिला विचार, तिच्या घरी हलद होत नाय का?"

मुलगी म्हणाली, "सर, आणखी काही मदत करू शकते का?"

आणखी! या शब्दाने तर माझा तिळपापड झाला. फोन ठेवला तोच मोबाइलवर प्रश्न आला, आमची सेवा आपल्याला कशी वाटली, पाचपैकी तारे द्या. पानाची पिंक मोबाइलवर टाकता येत नाही याचं त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं. ती मुलगी बिचारी कागदावरचं वाचत होती, तिला काय बोलणार. पण तो कागद ज्याने लिहिला, त्याने तो एसीत बसून, हात धुऊन, 'समजू शकतो' या शब्दांवर खूश होऊन लिहिला असणार, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी एकही तारा दिला नाही.

आत्याचा विश्वास मात्र ढळला नव्हता. तिचं एकच, जासईला चल. पोरगा अडचणीत असेल, आपणच यार्डातून पार्सल घेऊन येऊ. मी तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघालो.

उरणच्या रस्त्यावर तुम्ही दुपारी गेला असाल तर माहीत असेल, ट्रेलरांची रांग कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे त्यांच्या ड्रायव्हरांनाही ठाऊक नसतं. रांगेत लागलेल्या एकाचं तिथेच लग्न झालं, असं म्हणतात. यार्डात कंटेनरांवर कंटेनर असे चढवलेले की वरच्याला मुंबईच्या आधी पाऊस लागतो. आत्या मागून प्रत्येक लाल-निळ्या पेटाऱ्याकडे बोट दाखवून विचारत होती, "यात असतील काय रं?" मी मान हलवत होतो, कारण तोंड उघडलं की धूळ आत.

जासईत तलावाकडच्या आळीत गेलो. आत्याने एका दारात हाक दिली. आतून एक म्हातारा आला, गंजीफ्रॉक, हातात वर्तमानपत्राचा पंखा. आम्ही दोन शब्द बोललो नाही तोच तो म्हणाला, "काय नाय आलं? फ्रीज का?"

"साड्या," मी म्हणालो.

"साड्यावाले आजून आले नव्हते." त्याने आत आवाज दिला. "ऐकलं का गो? आता साड्यावाले!" मग आमच्याकडे वळला. "परवा एक उलव्याची बाई आली, मिक्सरसाठी. ती बोलते, तुमचा नातू, आजोबा बँजो वाजवायचे. त्या पुढच्या घरी पेनचा एक मानूस आला, त्याचा सोफा. तो बोलतो, तुमचा नातू, आजी सुईन होती. मागच्या घरी आले ते बोलले, आजी भगत होती, अंगात यायचं."

"आमच्यावालीची मासली होती," आत्या म्हणाली. "सुकी."

"बाय," म्हातारा म्हणाला, "त्या भोसडीच्याला किती आज्या हाईत?"

त्याच्या बायकोने आम्हाला पाणी दिलं आणि त्याला दटावलं, बाईमाणसासमोर काय बोलतोस. पण ती स्वतःही पदरात हसत होती. मीसुद्धा हसलो असतो. आत्या त्या घराच्या पायरीवर बसली होती. तिने पाण्याचा तांब्या हातात घेतला होता आणि प्यायचं विसरली होती.

"मंग ती म्हातारी?" तिने विचारलं. "गोंदनवाली?"

"ती हाय की," म्हाताऱ्याची बायको म्हणाली. "खालच्या घरात. आयकू येत नाय फक्त."

आत्या तिला भेटायला गेली नाही. "चल," म्हणाली. येताना तिने एकाही पेटाऱ्याकडे बोट दाखवलं नाही.

मग मी काय काय केलं त्याचा पोवाडा गाऊ शकतो, पण गात नाही. पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी तक्रार लिहून घेतली आणि त्यांच्या मेहुण्याचा मोबाइल असाच गेल्याची हकिकत मलाच ऐकवली, ती माझ्यापेक्षा रंगतदार होती. ग्राहकांच्या तक्रारीच्या सरकारी साइटवर अर्ज केला. बँकेला कळवलं. अ‍ॅपवाल्यांना असं पत्र लिहिलं की वाचून त्यांच्या ढालीला घाम फुटला असेल. प्रत्येकाने सांगितलं, नोंद झाली आहे. रविवारी हळद आहे, ही नोंद कोणाकडेच नव्हती.

थोरल्या जावेला कळलं. ती दांडगी बाई. तिने डोक्यावर हात मारला, आत्याला चार शब्द सुनावले, आणि लगोलग वाशी गाठली. पोपटी साड्या आणल्या. एका दुकानात मिळाल्या तेवढ्या, दुसऱ्या दुकानात मिळाल्या तेवढ्या. कमी पडल्या.

कमी पडल्यावर काय होतं, ते सांगायला नको.

हळदीला सवाष्णी पोपटी होऊन रांगेने आल्या. राहिलेल्या काही लांबच्या पोरीबाळी आपापल्या साड्यांत होत्या, पण ब्लाउज सगळ्यांचं तेच, पोपटी. थोरली जाऊ मंडपात आत्यापाशी आली, हातात घडी, आणि तिच्या आवाजात खरोखर माया होती. हे सगळ्यात वाईट.

"ही तुझ्यासाठी वेगली काढली गो. पोरीची आय तू, साधी कशी देऊ?"

बदामी. काठाला एक सोनेरी रेघ, दिलासा म्हणून.

आत्या भांडली नाही. जिच्या आवाजाने फ्लेमिंगो उडतात ती बाई "बरं" म्हणाली. तिने ती साडी नेसली, खाली पोपटी ब्लाउज घातलं आणि पदर दोन्ही खांद्यांवरून असा घट्ट ओढून घेतला की ब्लाउज कोणाला दिसू नये. धवलारणीने धवळा धरला. सवाष्णी एकेक करून पुढे गेल्या, पोरीच्या गालाला, हाताला, पायाला हळद लागत गेली. पोरगी पाटावर बसून मान उंच करून कोणालातरी शोधत होती. पोपटी रंगाच्या भिंतीपलीकडे तिला काय दिसणार. आत्या भाकऱ्यांच्या टोपल्यांपाशी होती आणि भाकऱ्या मोजून झाल्यावर पुन्हा मोजत होती.

मटण उत्तम झालं होतं असं सगळे म्हणाले. मला प्रत्येक घासाला त्या माणसाचा आवाज ऐकू येत होता, तीच की, मावशे, तीच की. आणि त्याच्या शेजारी, पंगतीतच बसल्यासारखी, ती मऊ भाषा: आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. त्या दिवशी मला त्या चोराचा, ढालवाल्यांचा आणि आमच्या भावकीचा असा तिघांचा एकदम वीट आला, आणि तिघांतल्या कोणाचा जास्त, हे ठरवेपर्यंत पान उचललं गेलं होतं.

पोरगी सासरी खांदेश्वरला गेली. पाठवणीला आत्या रडली नाही. तिच्या वाटणीचं थोरली जाऊ रडली.

बऱ्याच दिवसांनी अ‍ॅपवाल्यांचा संदेश आला. आमची चूक नसतानाही, केवळ सद्भावना म्हणून, विशेष बाब म्हणून, आपली संपूर्ण रक्कम परत करत आहोत. सद्भावना! तो शब्द वाचून मी हात धुतले. पण पैसे खरोखर आले होते, आणि माणूस शेवटी माणूस आहे, मला मोठी लढाई मारल्यासारखं वाटलं. मी आत्याच्या घराकडे अक्षरशः पळत गेलो. वाटेत भेटेल त्याला सांगत गेलो, जिंकलो, त्यांच्या नाकावर टिच्चून जिंकलो, आणि ओट्याशी पोचेपर्यंत त्या हकिकतीत मी कंपनीच्या मालकाला नाक घासायला लावलेलं होतं.

आत्या ओट्यावर जवळा वाळत घालत होती.

"आते, आले पैसे! सगळे! दणका दिला त्यांना. आता बोल, तशाच साड्या पुन्हा मागवू. पोपटी. या वेळी मी बघतो कोण बटण दाबतंय ते. बोल, मागवू?"

तिने जवळा हाताने सारखा पसरला. मग म्हणाली,

"कोनाच्या हलदीला?"